रुक्मा ज्याला ‘माहा’ म्हणाली नाही

“माह्या पोराले माहा नको म्हणू म्हणतं? मंग काय गावचा म्हणू?”

“म्हण. गावचा म्हण, रस्त्याचा म्हण. दोन गेले तेवढे पुरे नाही झाले का तुले?”

“अवं, बाप हावो मी त्याचा!”

“हळू बोल, कोणी आयकन!”

ऐकत मीच होते. मधे नुसता बांबूचा तट्टा. मी अलीकडे भाकर टाकत होते. ती करपली तरी जागची हलले नाही.

भिलाईचा कारखाना तेव्हा नुसता खोदून राहिले होते. आम्ही सारे भंडाऱ्याकडचे, लेबर कॅम्पच्या झोपड्यांत राहायचो. शेजारचा चंपत पायाचे खड्डे खणायचा आणि त्याची बायको रुक्मा माती डोक्यावरून वाहायची. तिची दोन लेकरं सहा महिन्यांच्या आत गेली होती. तिसरं गावाकडंच झालं, तेव्हा तिनं आमच्याकडच्या रीतीनं ते उकिरड्यावर ठेवलं. उचलणारी मी. तिच्याकडून मोल म्हणून सुपभर कोंडा घेतला आणि पोर परत तिच्या पदरात टाकलं. मग ते कोणाचंच राहत नाही, आणि जे कोणाचंच नाही त्याच्याकडे मरण वळून पाहत नाही, असं आम्ही मानत होतो. नाव ठेवलं चिंधू. कोणी विचारलं की आईनं म्हणायचं, उकिरड्यावर सापडला. रुक्मानं तीन वर्षं हे इतक्या वेळा म्हटलं, की प्रश्न संपायच्या आत तिच्या तोंडातून उत्तर निघायचं.

तिच्या डाव्या हाताची करंगळी दगडाखाली चेंगरून वाकडी बसली होती. चिंधू ती मुठीत धरल्याशिवाय झोपायचा नाही.

चंपत मात्र मोकळ्या तोंडाचा. पोर तीन वर्षांचं झालं तसा त्यानं कॅम्पभर गूळ वाटला आणि ओरडून सांगितलं, “हा माहा वाघ हाये!” मी ऐकलं ते भांडण त्याच दिवशीचं. आठव्या दिवशी खड्ड्याची बाजू ढासळली. चंपत खालीच होता.

तेरावं व्हायच्या आधी ठेकेदाराचा मुनशी वही घेऊन आला. “ये बच्चा किसका है?”

रुक्मा तट्ट्याकडे पाहत बसली होती. पाहता पाहताच म्हणाली, “उकिरड्यावर सापडला जी.”

मुनशीनं लिहून घेतलं. मी पाण्याचा गडवा धरून बाजूलाच उभी होते. मला वाटलं, ती आता सांगेल. तिला शुद्धच नव्हती. मुनशी वही मिटून पुढच्या झोपडीत गेला, आणि माझ्या हातातला गडवा तसाच हातात राहिला. इतकी वर्षं झाली, मी त्याच जागी उभी आहे.

पंधरा दिवसांनी अनाथ पोरं न्यायला जीप आली. दुर्ग रस्त्यावर नवा बालकाश्रम उघडला होता. चिंधूला उचलून मागं बसवलं तेव्हा रुक्माला उमगलं. तिनं जीपचा दांडा धरला. सांगावं तर एका शब्दाचं काम होतं. पण चंपत ‘माहा’ म्हणाला आणि आठ दिवसांत गेला. आता तिनं म्हटलं तर पोराचं काय? आणि जीपवाला सांगून राहिला होता, दूध मिळेल, शाळा मिळेल. तिनं दांडा सोडला.

तीन महिन्यांत ती त्याच आश्रमात सैपाकाला लागली. पोरानं ओळखू नये म्हणून पहिलं वर्षभर तोंडावर पदर ओढूनच वावरायची. पुढं भाजी चिरायला मलाही तिनंच आणलं. चार वर्षं तिनं पोराला वाढलं, पण आपलेपणा दिसू नये म्हणून इतरांपेक्षा डाव अर्धाच भरायची. मी एकदा बोलले तर म्हणाली, “कांते, त्याच्या वाटची डाळ मी रोज गिळतो, आन मलेच उतरत नाही.” हाताला हात लागेल म्हणून ताटली जमिनीवरून सरकवायची.

एकसष्ट साली दिवाळी सरल्यावर कॉलेजातली पाच पोरं आश्रमातल्या मुलांना शिवनाथ नदीच्या काठी शिबिराला घेऊन निघाली. त्यांच्यात कमलिनी नावाची एकच मुलगी. कोणाच्याही पोराचं नाक पुसेल अशी. तीन दिवस तंबूत राहायचं. सैपाकाला आम्ही दोघी.

निघायच्या आदल्या दिवशी आश्रमाचे व्यवस्थापक बाबुलालजी चिठ्ठी घेऊन आले. नागपूरच्या एका मोठ्या शाळेत राहून शिकायला चिंधूला जागा मिळाली होती. अट एकच, पोराला मागंपुढं कोणी नको. रुक्मा कणीक मळत होती. तिनं इतकी मळली की पोळ्या रबरासारख्या झाल्या.

शिबिरात पोरं हरखली. बाबुलालजीही सोबत आले होते. विद्यार्थ्यांना तंबू ठोकता येईना. शेवटी खुंट्या रुक्मानंच ठोकल्या. “शिकून राहिले का खेळून राहिले रे तुम्ही?” म्हणाली, तशी कॉलेजची पोरं लाजली. दोन दिवस ती चुलीपाशी बसून नुसती चिंधूकडे पाहायची. भात दोनदा लागला.

तिसऱ्या दिवशी दुपारी खेळ निघाला. डोळे बांधायचे, समोरच्याचा हात चाचपून नाव सांगायचं. चिंधूची पाळी आली. तो पटापट ओळखून राहिला. मग कमलिनीनं हसत रुक्माला ओढून आणलं. रुक्मानं उजवा हात पुढं केला. चिंधूला उमगेना.

“दुसरा दे नं!”

रुक्मा मागं सरली, पण कमलिनीनंच तिचा डावा हात त्याच्या हातात दिला. तो मनगटावरून खाली आला. करंगळीशी थांबला. मूठ मिटली.

“माय,” तो म्हणाला.

“कोणाची माय रे?” कमलिनीनं विचारलं.

“माही.”

बाबुलालजी खाटेवरून उठले. रुक्माकडे मी पाहिलं नाही. पाहवलं नाही.

मग ती हसली. मोठ्यानं हसली. “अरे, तुले तं उकिरड्यावरून उचललं होतं! मले कावून माय करून राहिला रे?”

सगळी पोरं हसली. चिंधूनं मूठ सोडली, डोळ्यांवरचं फडकं काढलं, आणि सगळ्यांच्या शेवटी तोही हसला.

आठवड्यानं तो नागपूरला गेला.

त्यानंतर दरवर्षी दिवाळीच्या आधी रुक्मा एक सदरा शिवायची. माप नव्हतं. मागच्या सालापेक्षा दोन बोटं वाढवायची. मग आम्ही दोघी भिलाईच्या सेक्टरातल्या पोस्टात जायचो. मी दुसरी शिकलेली, म्हणून पत्ता मी लिहायचे.

अडुसष्ट साली तिची छाती पार धरली होती. त्या पोस्टाच्या खेपेनंतर ती पंधरवडाच जगली. तेव्हा मला ते माहीत नव्हतं. तिला असावं, कारण सदरा गुंडाळताना मी म्हटलं, “अवं, हा केवढा केला?”

“चार बोटं वाढवली यंदा.”

“कावून?”

“पुढच्या सालीही अंगात आला पाह्यजे नं त्याले.”

पोस्टातला बाबू तिला ओळखायचा. “भेजनेवाले का नाम?”

“आश्रम लिहा.”

“हर साल भेजती हो बाई. अपना बच्चा है क्या?”

“नाही जी. उकिरड्यावर सापडला.”

बाबू दरवर्षीसारखा हसला आणि ठप्पा मारला. पार्सल पोत्यात पडेतोवर रुक्मा खिडकीशी उभी राहिली. मग पदरानं तोंड पुसलं.

“चाल कांते, डाळ भिजू घालायची हाये.”