कारेरचा थांबा

धारगळच्या आमच्या वाड्यावर त्यांना सगळे ‘कारेर’ म्हणत. पूर्वीच्या गोव्यात जागोजागी थांबत जाणारी प्रवासी बस ती कारेर. हे म्हातारे गृहस्थही देवळाकडे निघाले की दर चार घरांगणिक दारापुढच्या सोप्यावर, म्हणजे बसायच्या कट्ट्यावर, टेकत. “मात्सो बसतां गे बाये,” जरा बसतो, एवढंच म्हणत.

तेव्हा राजभाषेचा वाद पेटलेला. मराठी की कोंकणी यावरून शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा झाला होता. कारेर दोघांच्याही सोप्यावर बसत. हा नक्की कुठल्या पक्षाचा, म्हणून लोक चिडवत. ते हसून विडी पेटवत.

मी नवी सून. नवरा आखातात, सासू थोरल्या दिरांकडे डिचोलीला. दिवसभरात माझ्याशी बोलणारं माणूस ते एकच. मी चहा देई. ते बशीत ओतून फुंकत आणि विचारत, “घोवाचें पत्र आयलें?” नाही म्हटलं की म्हणत, “येतलें.”

मग एकदा त्यांनीच हसत सांगितलं, डॉक्टरने आपलं बिंग फोडलं म्हणून. पायाला रक्त नेणाऱ्या नळीत वर्षानुवर्षं चरबी साचत गेली, विडीने भर घातली, नळी कडक आणि अरुंद झाली. बसल्यावर पुरणारं रक्त चालताना पुरेना. पोटरी धरायची, थांबलं की सुटायची. म्हणून ते सोप्यासोप्यावर टेकणं! मला रडूच आलं. इतके दिवस वाटत होतं, ते माझ्यासाठी बसतात.

डॉक्टरने विडी बंद केली आणि गोळ्यांबरोबर चालणंही औषध म्हणून दिलं. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. कारेर हट्टाने चालले. हळूहळू एकेक सोपा सुटत गेला. आता माझाही सुटणार, म्हणून मी धसक्याने दारात उभी राही. पण ते येत, टेकत, पोटरी चोळत.

“काका, आतां पाय बरो न्हय?” मी एकदा विचारलंच.

“सगळेकडेन बरो,” बशी फुंकत ते म्हणाले. मग माझ्या सोप्यावर हात टेकवून, “हांगाच मात्सो दुखता.”

जे पायाच्या नळीत तेच हृदयाच्या नळीत असतं, असं डॉक्टरने बजावलं होतं. पायाने आधी सांगितलं तरी. हृदयाने एका पहाटे झोपेतच गाठलं. मला कळलं तेव्हा चहा चुलीवर आटून गेला होता.

आता मीही संध्याकाळी देवळापर्यंत चालते. वळणावरच्या घरात एक सून दिवसभर एकटी असते. तिच्या सोप्यावर मी रोज टेकते आणि पोटरी चोळते. माझे पाय अजून ठणठणीत आहेत.