भट्टीकडची खुर्ची

भागीरथीबाईच्या हातचा पंखा बारा वर्षांत कधी उलटा फिरला नव्हता. आनंदनगरच्या कारखान्यात बाकीच्या बायका हे तिच्या तोंडावर म्हणत, आणि तिला ते आवडत असे.

काम सांगायला सोपं. छताच्या पंख्याच्या पोटात एक जाड लोखंडी चकती असते. तिच्या खाचांत कागदाचे तुकडे बसवायचे आणि त्यांवर केसासारखी तांब्याची तार भरायची. शेवटी तारेची चार टोकं उरतात. त्यांतल्या दोन टोकांची अदलाबदल झाली तरी पंखा फिरतो, पण उलटा, आणि वारा खाली न येता छताकडे जातो. असा पंखा काचेपलीकडच्या टेस्टिंगच्या खोलीत लगेच पकडला जाई. मग जिचा नंबर त्याच्या चिठ्ठीवर असेल, तिने उठून भट्टीकडच्या खुर्चीत बसायचं. दुसरी कुणी चुकेपर्यंत तिथेच.

भट्टी भरलेल्या चकत्यांवरचं वार्निश सुकवायची. तिचं दार उघडलं की पाठीवर कुणी तवा टेकवल्यासारखं होई. मार्चपासून त्या खुर्चीत उमा होती. विठ्ठलवाडीची, चोवीस वर्षांची, नवी. आता मे लागला होता आणि तिला सहावा महिना होता. मार्चनंतर कुणीच चुकलं नव्हतं. खुर्चीच्या भीतीने सगळ्या टोकं तीन-तीनदा तपासत होत्या.

दोन हजार सातचा तो उन्हाळा. बायका बसत त्या हॉलमध्ये छताला चार आकडे होते, पंखा एकही नव्हता. कागद उडतात म्हणून. काचेपलीकडे मात्र चाळीस पंखे दिवसभर गरगरत. गावाची वीज गेली तर जनरेटरवर. जवळजवळ रिकाम्या खोलीला वारा घालत.

सोमवारी दुपारी उमाच्या हातातून चकती पडली आणि ती टेबलावर कपाळ टेकून राहिली. भागीरथीबाईने तिच्या मानेवर पाणी मारलं आणि ती सरळ सुपरवायझरकडे गेली. सुपरवायझर महिपती, जवळच्याच गावचा.

"महिपतीदादा, उमाला माझ्या जागेवर घ्या. तिकडे मी बसते."

"का? तुमचा पंखा उलटा फिरला काय?"

"पोटुशी आहे ती."

"मग सुट्टी घेऊ दे ना. मी काय बांधून ठेवलंय?"

"सुट्टी घेतली की परत घेत नाही तुम्ही. वृंदाचं काय केलंत?"

महिपतीने कपाळ पुसलं. "नियम शेठचा हाय, बाय. आज हिला उठवली तर उद्या दुसरीचं डोकं दुखेल."

"मग एक पंखा तरी लावा तिच्या डोक्यावर."

"कागद उडतात. बारा वर्षं तेच सांगतोय."

संध्याकाळी बदलापूर गावातल्या घरी ती आली तेव्हा वीज गेलेली होती. वर पत्रा, त्याखाली तिने स्वतः भरलेला पंखा, निपचित. नवरा भीमरावने फरशीवर पाणी शिंपडून ठेवलं होतं आणि खिडकीला ओलं गोणपाट लावलं होतं. मुलगी यशोधरा दारात बसून पुठ्ठ्याने वारा घेत होती.

"आई, तुमच्या शेठला सांग, एक जनरेटर आम्हाला पण पाठव."

"तुझ्या आईने सांगितलं तर पाठवेल," भीमराव म्हणाला. "फार मान आहे तिला तिथे. दाराजवळच्या पहिल्या खुर्चीत बसवतात."

एरवी ती हसली असती. ती पंख्याकडे बघत राहिली. गेल्या वर्षी भीमरावने तो साफ करताना वायरी चुकीच्या जोडल्या होत्या आणि दोन दिवस पंखा उलटा फिरला होता. यशोधरा खाली परीक्षेच्या नोट्स पसरून बसली होती. एकही कागद हलला नव्हता. तरी घरातली कोंडलेली हवा हलत होती, पत्र्याखालची झळ वरच्या फटींतून बाहेर जात होती. तिसऱ्या दिवशी तिने वायरी सरळ केल्या आणि नवऱ्याला आठवडाभर चिडवलं.

मंगळवारी अकरा वाजता काचेपलीकडे टेस्टिंगवाला मोठ्याने हसला. महिपती चिठ्ठी घेऊन आला. नंबर त्याने दोनदा वाचला.

"भागीरथीबाई, उलटा आलाय."

हॉलमधले सगळे हात थांबले.

"मुद्दाम केलंत," तो हळू आवाजात म्हणाला.

"सिद्ध करा. नाहीतर कार्डावर लिहा."

त्याने लिहिलं. बारा वर्षांच्या कोऱ्या कार्डावर लाल शाईचा पहिला शेरा. तिने सही केली आणि पेन असं दाबलं की खालचा कागदही फाटला. मग ती भट्टीकडे गेली.

"मावशी, माझ्यासाठी तुम्ही..." उमा म्हणाली.

"गप. ऊठ. माझ्या जागेवर बस आणि पाणी पी. आभार मानायला लागलीस तर परत बसवीन इथे."

भट्टीचं दार उघडलं. पाठ भाजली. बाईने मान वळवून महिपतीला हाक मारली.

"तो पंखा भंगारात जाणार ना? तो इथे लावा. वरच्या आकड्याला."

"सांगितलं ना, कागद..."

"तो वारा वर फेकतो. तुम्हीच चिठ्ठीवर लिहिलंय, उलटा. कागद उडाला तर उद्यापासून येत नाही मी."

पुढच्या टेबलावरून सगळ्यांत जुनी राजाबाई म्हणाली, "लाव रे महिपती. सरळ पंखा लावायची तुझी ताकद नाही, उलटा तरी लाव."

बायका हसल्या. महिपती लाल झाला. मग स्वतःच शिडी आणली.

पंखा सुरू झाला. टेबलावरचे कागद जागच्या जागी राहिले. भट्टीची झळ वर उचलली गेली, झरोक्यांकडे सरकली, आणि दाराकडून थोडी हवा आत आली. फार नाही. गळ्यावरचा घाम सुकेल एवढी.

सगळ्या तिच्याकडे बघत होत्या, आता ती हसेल म्हणून. ती हसली नाही. तिने वर पाहिलं. एक शिडी, दोन वायरी, अर्धा तास. या खुर्चीत बसून गेलेल्या बायकांची नावं ती आठवू लागली. नवव्या नावाला तिने मोजणं सोडलं.

"बारा वर्षं," ती महिपतीला म्हणाली. "एवढंच करायचं होतं."

तो शिडी घेऊन निघून गेला. तिने चकती ओढली आणि तार भरायला घेतली. चारही टोकं बरोबर.