जीपवरचा क्रूस

दौंडात एका आजारी बाईसाठी प्रार्थना करायला गेलो आणि चर्चची जीप थेट तिच्या दारात उभी केली. जीपवर हातभर क्रूस मीच हौसेनं रंगवून घेतला होता. बाई कुरकुंभला कंपनीत शिफ्टला जायची, दोन मुलींना घेऊन भाड्याच्या खोलीत राहायची. घरमालकाला वाटलं, ही बाटली, ख्रिस्ती झाली. महिनाअखेर खोली सोड म्हणाला. त्याची समजूत घालायला मी तातडीनं गेलो, तेही त्याच जीपमधून. मग त्यानं उद्याच खोली रिकामी करायला सांगितली.

बाई अंगातल्या तापानिशी पोत्यात भांडी भरत होती.

"दुसरी खोली मी शोधतो," मी म्हणालो.

"शोधा. पण पास्टर, तवा एसटीनं जावा, आन् आमची वळख हाय म्हणून कुणाला सांगू नका."