न मोजलेला कळप

आधीच सांगते, माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. शुद्धलेखन चुकणार, आणि अक्षर तर मेंढरांनी तुडवलेल्या वावरासारखं. माफी असावी. पण आमच्या चुलत दिरांसारखा माणूस अख्ख्या बजाजनगरात दुसरा नाही, आणि हे कुणीतरी लिहून ठेवायलाच हवं.

दुष्काळात मेंढरं विकून ते आमच्या शेजारच्या खोलीत राहायला आले. कंपनीत सामान उचलायचे, पण चालायचे अजून कळपामागं चालल्यासारखे. पाळी सुटली की गेटातून बाहेर पडणाऱ्या कामगारांनासुद्धा "हुर्र्र, चला, कडंनं चला" करत हाकायचे. मग त्यांना खूळ लागलं, गावी जाऊन भावकीच्या मेंढरांचे व्हिडिओ काढून मोबाइलवर टाकायचे. आजारी मेंढी कशी ओळखायची, रुसलेलं कोकरू आईला कसं लावायचं. चांगल्या मोबाइलसाठी मी शिलाई मशीनला जपलेले भिशीचे पैसे दिले. परत मागायला जीभ रेटेना. एवढंच विचारलं, "ह्यातून पैसं कसं येणार, भावजी?"

"वैनी, आपण शेतात रात्री मेंढरं बसवतो. लेंडीखताचं पैसं शेतकरी देतो का नाय? तसंच. बघणारी आपल्याकडं बसत्यात, पैसं जाहिरातवाला देतो."

"म्हंजी बघणारी मेंढरं व्हय?"

"मग! तुमी बी रोज बघता की."

अडचण एकच होती. कळप मोजला की नजर लागते, अशी आमच्यात समजूत. बघणाऱ्यांचा आकडा दिसतो तिथं भावजींनी काचेवर चिकटपट्टीच लावली होती. एक दिवस चितेगावहून पशुखाद्याचे साहेब जाहिरात द्यायला आले.

"किती जण बघतात?"

"लई."

"लई म्हणजे किती?"

"तुमी घरची लेकरं मोजता का, सायेब?"

साहेब उठले. माझी मशीनही त्यांच्यासोबत दाराबाहेर निघाली. परक्या माणसासमोर कधी न बोलणारी मी दाराआडून बोलले, "पट्टी तुम्हीच काढा, आन् मनात वाचा." भावजींनी डोळे मिटून दोन्ही कान दाबले. साहेबांनी आकडा पाहिला, आणि ते गुपचूप परत खाली बसले.

नंतर भावजी हळूच म्हणाले, "एकदाच कळप मोजताना ऐकला, वैनी. विकताना. यापारी मोठ्यानं मोजत हुता."

परवा ते नोटा घेऊन आले. मी तशाच पदरात बांधायला लागले.

"नाय, मोजा. मोठ्यानं मोजा. गेलेलं मोजताना ऐकलंय, आज परत आलेलं ऐकतो."

मी मोजत गेले. ते कान उघडे ठेवून, मान हलवत ऐकत होते. पैसे पुरते फिटले.