माहेरी कुणाला?

गुडगावात राहायला गेले तेव्हा आमच्या सोसायटीसमोर मोहरीची शेतं होती आणि सोसायटीच्या जाहिरातीत पोहण्याचा तलाव होता. शेतं खरी होती. तलावाचा नुसता खड्डा खणून ठेवलेला, त्यात पाणी साचून बेडूक ओरडायचे. जनरेटरची मर्जी असेल तेव्हा लिफ्ट चालायची. शेजारी सगळी नव्या कंपन्यांतली जोडपी, नव्या गाड्या, नवी बाळं. "मॅडम, अकेली रहती हैं?" हा प्रश्न चौकीदारापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांनी विचारून झाला होता. मी "हां" म्हणायचे आणि कुलूप उघडायचे. घरात शिरल्यावर आधी रेडिओ लावायचे, कुणीतरी बोलत असावं म्हणून. फार एकटं वाटायचं तेव्हा.

एकटी राहण्याला कारण होतं, पण ते मी कुणाला सांगत नसे. माझ्या मामाची नजर ऐन तरुणपणी गेली. धाकट्या भावाला लहानपणी दिवेलागणीनंतर उंबरा दिसायचा नाही. तो ठेचकाळला की घरातल्या बायका कौतुकानं म्हणायच्या, "मामावर गेलाय हो!" त्या अक्षरशः खरं बोलत होत्या, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. डोळ्याच्या पडद्याचा हा आजार आमच्याकडे आईकडून आला होता. आईला स्वतःला चांगलं दिसायचं. असा दोष मुलाला मिळाला तर त्याची नजर हळूहळू जाते. मुलीला मिळाला तर ती बहुधा आईसारखीच धडधाकट राहते आणि पुढे तिच्या मुलाच्या वाट्याला तो येऊ शकतो. मला तो मिळाला होता की नाही, हे छापा-काट्यासारखं होतं, आणि खात्रीनं सांगेल अशी तपासणी तेव्हा नव्हती.

मी ठरवून टाकलं, कळेपर्यंत लग्न करायचं नाही. आईनं स्थळं आणली, रडून पाहिलं, अबोला धरला. मी हट्टी. ज्याची वाट बघायची ते आपणच शोधावं म्हणून याच संशोधनात शिरले आणि दिल्लीला आले. लोकांना वाटायचं, बाईला विज्ञानाचं वेड आहे. मीही तसं वाटू दिलं.

भावाला तोवर गावी अपंगांच्या कोट्यातून एसटीडी बूथ मिळाला होता. बोटांनी चाचपून तो कुठलाही नंबर झटक्यात लावायचा. रविवारी दुपारी मी सोसायटीबाहेरच्या बूथवरून त्याच्या बूथवर फोन करायचे.

"काय शास्त्रज्ञबाई, औषध कुठवर आलं?"

मी त्याला जनुकोपचार समजावून सांगितला होता. पेशीतला एक बिघडलेला निरोप, त्याची धड प्रत तयार करायची, ती निरुपद्रवी केलेल्या सर्दीच्या विषाणूत भरायची आणि तो विषाणू डोळ्यात सोडायचा.

"म्हणजे सर्दीच्या हातून पार्सल पाठवणार तुम्ही," तो म्हणाला होता. "पत्ता नीट लिहा म्हणावं, नाहीतर नाकात जायचं."

"दहा वर्षं लागतील," मी म्हणायचे. दर वर्षी दहाच म्हणायचे. त्यानं कधी हिशेब विचारला नाही.

आमच्या संस्थेत आठवड्यातून एकदा मी बाह्यरुग्ण विभागात बसायचे. मोठे डॉक्टर डोळे तपासायचे आणि हिंदीत विचारायचे, "खानदान में किसी को रात को कम दिखता है?" मी कागदावर घराण्याचा नकाशा काढायचे, पुरुषाला चौकोन, बाईला गोल. वर्षानुवर्षं नकाशामागून नकाशे कोरे निघायचे. आजार पिढीजात, आणि घराण्यात कुणालाच नाही. डॉक्टर म्हणायचे, लोक लपवतात.

एके दिवशी छावणीतून एक जवान बायको-मुलाला घेऊन आला. मुलगा संध्याकाळी खेळताना सारखा भिंतींवर आपटायचा. नेहमीचा प्रश्न झाला. बाईनं पदर सारखा करत सांगितलं, "नहीं जी, हमारे घर में किसी को भी नहीं." त्या हिंदीच्या आत मला आपली भाषा लगेच ऐकू आली.

रक्त घेण्यासाठी तिला माझ्या टेबलाशी पाठवलं तेव्हा मी मराठीत बोलले. तिचा चेहरा असा उजळला की मलाच भरून आलं. नवरा पुढची चिठ्ठी आणायला गेला होता. ती मोकळेपणी बोलायला लागली, साताऱ्याकडची, दिल्लीची थंडी सोसत नाही, इथं भाकरीला ज्वारी मिळत नाही. मुलगा माझ्या टेबलाच्या कडेला धडकला. ती हसून म्हणाली, "मामावर गेलाय बघा, मॅडम."

माझा हात थांबला. "म्हणजे?"

"ह्याच्या मामाला तसंच हाय की. दिवस मावळला की दिसत न्हाई."

"अहो, मग मघाशी नाही का म्हणालात?"

"त्यांनी आमच्या घरात इचारलं," ती गोंधळून म्हणाली. "ते तर माझं माहेर झालं."

कोणी काही लपवत नव्हतं. लग्न झालेल्या बाईचं घर म्हणजे सासर, तिचं खानदानही तेच, आणि आम्ही आईकडून येणाऱ्या आजाराची चौकशी बापाच्या घराण्यात करत बसलो होतो. त्या दिवसापासून मी प्रत्येकीला वेगळं विचारू लागले, "आणि माहेरी कुणाला?" कोऱ्या नकाशांत चौकोन भरू लागले.

पण तेव्हा ती बाई माझ्यासमोर होती, आणि तिनं हळूच विचारलं, "म्हणजे हे माझ्याकडनं आलं?"

"आलं असेल. पण तुम्ही दिलं नाहीत. ते आपल्या हातात नसतं," मी म्हणाले. "माझ्याही भावाला आहे."

दिल्लीत हे मी पहिल्यांदाच कुणाला सांगत होते.

"मग तुमच्या मुलांना?"

"लग्नच केलं नाही. आधी कळू दे म्हटलं."

ती पोराला जवळ ओढून म्हणाली, "ह्याचा मामा ह्याला लय जीव लावतो. सुट्टीला गेलो की दोघं अंधारात हात धरून शेताकडं जात्यात. दोघांनाबी दिसत न्हाई, पर पडत न्हाईत." आणि पुन्हा हसली. मला तिचा हेवा वाटला. अगदी उघड, पोटातून वाटला.

पुढे परदेशात ते जनुक सापडलं. तोवर माझी चाळिशी उलटली होती आणि समोरच्या मोहरीच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या. भावाच्या नमुन्यात बिघाड नेमका तिथेच मिळाला. आईच्यातही. माझा स्वतःचा नमुना मी सगळ्यांत शेवटी लावला. दुपारची वेळ होती, शेजारच्या खोलीत कुणाच्या तरी बढतीचे लाडू वाटत होते. निकालाची फिल्म प्रकाशावर धरली, पुन्हा धरली. मग सगळं नव्यानं करून पाहिलं.

माझ्यात तो दोष नव्हता. कधीच नव्हता.

"मॅडम, लड्डू," कुणीतरी म्हणालं. मी घेतला आणि खाल्ला.

घरात तोवर स्वतःचा फोन बसला होता, पण मी मुद्दाम बूथवर गेले. तिथे मागे माणसं उभी असतात, रडता येत नाही. भावाला सांगितलं. तो आनंदानं ओरडला, "सुटलीस गं! आईला सांगतो, पेढे वाटतो!" त्याच्या बूथवर कुणीतरी विचारलं काय झालं, तर त्यालाही म्हणाला, ताई सुटली. मीटरची टिकटिक तेवढी ऐकू येत होती.

"ताई," तो म्हणाला, "म्हणजे मी मामा झालो असतो."

"हो रे," मी म्हणाले. "झाला असतास."