आऱ्याचं दुसरं टोक

गोमती नगरच्या मैदानात तराईच्या जंगलांतल्या लाकूडतोडीच्या वारशाचं प्रदर्शन भरलं होतं. आमच्या बँकेचा स्टॉल शेजारीच होता. मंडपात साल वृक्षाचा एक जाडजूड ओंडका ठेवला होता आणि एक म्हातारा त्यावर दोघांनी ओढायचा लांब आरा, म्हणजे मोठी करवत, चालवून दाखवत होता. दुसरं टोक लोकांनी धरायचं, फोटो काढून घ्यायचा आणि पुढे जायचं. प्रत्येक फोटोआधी तो खांद्यावरचा गमछा नीट करायचा.

दुपारी गर्दी ओसरली तेव्हा मी त्याला चहा नेऊन दिला. सहज विचारलं, "बाबा, उधर से पहले कौन खींचता था?"

"छोटा भाई."

मग चहा तसाच हातात धरून तो सांगत राहिला. जंगल राखीव झालं आणि दोघांचं काम सुटलं. एका थंडीत घराचं छप्पर खचलं, म्हणून भाऊ वाळलेलं झाड कापायला गेला आणि पकडला गेला. जेलमध्ये त्याची छाती कफानं भरली. तिथून तो जिवंत परतला नाही.

संध्याकाळी म्हाताऱ्याला स्टेजवर बोलावलं. त्याच्या खांद्यावर शाल घालून प्रमुख पाहुण्यांनी कौतुकानं विचारलं, "यह कला बेटों को सिखाई न?"

"नहीं साहब," तो माईकवर म्हणाला. "उन्हें जेल थोड़े भेजना था."

मग निवेदिकेनं हसून टाळ्या वाजवायला सांगितलं, आणि सगळ्यांनी जोरात वाजवल्या.