रिसेप्शनला माणूस पाहिजे

पनवेलला मामाचं नोकऱ्या लावून देण्याचं ऑफिस आहे. तिथे जाहिराती मी लिहायचे. जासईच्या एका गोदामाला रिसेप्शनिस्ट हवी होती. तिथल्या मॅनेजरने फोनवर सांगितलं तसं मी लिहिलं: मुलगी पाहिजे, पंचविशीच्या आतली, अविवाहित, गोरी, हसतमुख. बोर्ड ऑफिसबाहेर लागला.

तो वाचून कामगार खात्यातल्या एक बाई आत आल्या. "फोन उचलायला गोरं कशाला लागतं?" त्यांनी मामाला विचारलं.

"मॅडम, पार्टीची डिमांड आहे."

"नोकरी देताना बाई-पुरुष असा भेद केलेला कायद्याला चालत नाही. आणि बाकीचं तुम्हाला तरी शोभतं का? आज बदला, नाहीतर नोटीस काढते."

त्या गेल्या आणि मामा घाबरला. त्याने मला आधी 'मुलगी' खोडायला लावलं, मग वय, लग्न, रंग.

"हसतमुख राहू दे ना," मी म्हटलं.

"एखादा रडका तक्रार करेल. काढ."

शेवटी बोर्डावर एवढंच उरलं: 'रिसेप्शनला माणूस पाहिजे.'

दुसऱ्या दिवशी पहिला आला तो सनईवाला. मग एक केटरर आला आणि पानं किती, बुफे की पंगत, असं विचारू लागला. लग्न कुणाचंच नाही हे त्याला पटवताना माझा घसा बसला. त्यानंतर जासईचे एक आजोबा आले. पांढरी टोपी, गळ्यात जाड चेन, बाहेर स्वतःची गाडी.

"मानूस पायजे ना? मी हाय."

"आजोबा, दिवसभर नुसतं बसायचं काम आहे," मी म्हटलं.

"घरी बसलो का सून बोलते, नुसते बसून ऱ्हाता. तिथं बसलो तं नोकरी व्हईल."

मी मामाकडे पाहिलं. तो माझ्या कानात म्हणाला, "म्हातारा म्हणून नको म्हटलं तर तोही भेदभाव. घेऊन जा."

गेले. माझ्याबरोबर मुलीऐवजी आजोबा पाहून मॅनेजरचा चेहरा पडला.

"इंग्लिश येतं?"

"नाय."

"कॉम्प्युटर?"

"नाय."

"मग इथे कसं काय आलात?"

"जागा माझीच हाय. तुमच्या शेठला भाड्यानं दिलीय."

मॅनेजर खुर्चीतून उठला आणि स्वतः चहा आणायला गेला. मला हसू आवरेना, म्हणून मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसले.

आजोबा लागले. फोन आला की "कोन हाय?" एवढंच विचारतात आणि समोरचा उगाच माफी मागतो. गेटवर हॉर्न मारून गोंधळ घालणारे ड्रायव्हर आता टोपी दिसली की गाडी बंद करून, चप्पल काढून आत येतात. चप्पल काढा असं त्यांना कुणी सांगितलेलं नाही. मॅनेजरची एकच तक्रार आहे: जेवणानंतर आजोबा एसीखाली झोपतात, आणि फोन त्याला उचलावा लागतो, बोलायचं तेही हळू आवाजात.